राऊटरवरची लाल पाटी

३ जून २०२४, सोमवार

भिंतीले भोक पाडलं! अठ्ठावीस वर्षांत या घरात एक खिळा मी लेव्हल लावल्याशिवाय ठोकला नाही. अन् आज चंदन नावाचा माणूस आला, खांद्यावर वायरचं भेंडोळं, आणि देवघराच्या मागून थेट ड्रिल घातली. प्लास्टर खाली. मी ओरडलो तर म्हणे, "इहां ले नजदीक परही, बबा." तुले नजदीक पडते म्हणून माझी भिंत फोडशील का? अन् बबा, म्हणजे आजोबा, कोणाले म्हणतो रे, स्वतः पंचेचाळिशीचा!

तर, भिलाईच्या स्मृति नगरातल्या आमच्या घरी इंटरनेट आलं. कनेक्शन माझ्या नावावर, कारण घर माझ्या नावावर. फोनवर सहा आकडे आले, ते त्या चंदनले वाचून दाखवायचे. म्हटलं, कावून दाखवू? सोनल म्हणे, "बाबा, ओटीपी है, बता दो ना." आपल्याच घरात आपण आहो हे सिद्ध करायले परक्या माणसाले आकडे सांगा!

एक पांढरी डबी, दोन शिंगं, हिरवा दिवा लुकलुक करते. यालेच राऊटर म्हणतात. साबणाच्या डबीएवढी वस्तू, पण मान मोठा — हॉलमधला इन्व्हर्टरचा एकुलता एक पॉइंट तिले दिला. तिथं माझा टेबलफॅन होता.

कमलिनी डबीले हळदकुंकू लावायले निघाली होती. "नवीन वस्तू आहे ना, अहो." तिले आवरलं.

४ जून

टेबलफॅन वऱ्हांड्यातल्या पॉइंटवर. लाईट गेली की फॅन बंद, डबी चालू. माणूस उकडून मेला तरी चालते, डबीचा दिवा लुकलुकला पाहिजे. प्रगती!

६ जून, गुरुवार

सोनलचं "काम" पाहिलं आज. सरळ खुर्ची टाकून तिच्या बाजूले बसलो.

तिची कंपनी फोनवरून चालू-बंद होणारे प्लग विकते. म्हणजे बटण दाबायले उठायचे कष्ट नकोत. आता ज्याले उठायचा कंटाळा, त्याले प्लग तरी लावता येईल का? नाही येत. मग तो कंपनीच्या साइटवर रडगाणं लिहिते. तिथं त्याच्यासारखेच हजार रिकामटेकडे बसलेले असतात, ते त्याले उलटसुलट सल्ले देतात. एक म्हणे फोन बदला, एक म्हणे घराची वायरिंग बदला. सगळ्यांचा धिंगाणा झाला की सोनल लिहिते — सर, मेन स्विच चालू आहे का?

नसते चालू!

एकानं फोटो पाठवला. प्लगवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं त्या शहाण्यानं. सोनलनं त्याले सर म्हटलं, धन्यवाद म्हटलं, वर एक हसरा चेहरा टाकला. मी नंदिनी रोडच्या लोखंडाच्या मिलमध्ये सीनियर इलेक्ट्रिकल फोरमन होतो. यापेक्षा लहान चुकीवर हेल्परच्या अंगावर पाना फेकला आहे मी.

याले काम म्हणतात. कपाळ माझं!

पण बोलून करता काय. जानेवारीत घटस्फोटाचा कागद झाला, फेब्रुवारीत पोरगी दोन बॅगा घेऊन पुण्याहून आली. कंपनीनं आता हा जून महिना परीक्षेचा दिला आहे. महिनाभर लाईन अखंड राहिली तर कायमचं भिलाईहून काम. तुटली तर पुण्याच्या ऑफिसात परत. अन् त्याच ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, तो बसते. तिचा नवरा. होता तो.

"तिथं मी पाय ठेवणार नाही बाबा. नोकरी सोडीन." एवढंच म्हणाली. चौतीस वर्षांची झाली, पण नखं खाऊन राहिली होती, दहावीच्या निकालाले खात होती तशी.

म्हणून भिंतीचं भोक सहन करून राहिलो.

९ जून, रविवार

तेजराम आला, भिलाई-३ हून, स्कुटीवर, एवढ्या उन्हात. मिलमधला माझा सगळ्यात चांगला इलेक्ट्रिशियन. डाव्या हाताची तीन बोटं नाहीत. पण फोन पहा कसा चालवते! बोटं कमी झाली म्हणून उरलेल्या दोघांवर सगळं काम आलं असन.

त्यानं एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आहे. "मिल के पुराने साथी." सत्त्याऐंशी माणसं. मले न विचारता त्यात कोंबलं आहे. सकाळी उठलं की सत्त्याऐंशी गुलाबाची फुलं! ज्याले मिलमध्ये असताना कोणाचं गुड मॉर्निंग सहन होत नव्हतं, तो आता सूर्य उगवायच्या आधी सुविचार पाठवते. मी आजवर त्यात एक अक्षर लिहिलं नाही, लिहिणारही नाही.

सोनलनं चहा आणला आणि विचारून बसली, "काका, हाताला काय झालं होतं?" झालं! तेजरामले तेवढंच पाहिजे होतं.

"बेटा, चौऱ्याण्णव साल. मी क्रेनवर चढलो होतो, वरच्या पॅनेलमध्ये हात. खाली मेन स्विचले लाल टॅग बांधला होता. टॅगवर माह्यं नाव, तारीख. आमचा नियम असा, का ज्यानं टॅग बांधला त्यानंच तो सोडायचा. साहेब असो का साहेबाचा बाप, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी चहा प्यायले उतरलो, दहा मिनिटांनी परत चढलो. तेवढ्यात कोणंतरी टॅग काढला अन् स्विच मारला."

"कोणी?"

"रामाजीनं. ठेकेदाराचा माणूस, झाडू मारे तिकडं. कबूल नाही झाला. पोरीची शपथ घेऊन राहिला होता. पण दुसरं होतंच कोण तिथं? तुह्या बाबानं, या भाऊनं, चौकशी केली, लॉगबुकात लिहिलं. मग सगळ्या शिफ्टसमोर त्याले गेटाबाहेर काढलं. टॅग तर सापडलाच नाही. भट्टीत टाकला असन त्यानं." मग चहा ओतला बशीत. "आता माह्याच गल्लीत राहते. तीस वर्षं झाले, मी त्याच्या तोंडाकडं नाही पाहिलं."

मी कूलरमध्ये पाणी टाकायले उठलो. टाकी भरलेली होती.

तेजरामले फार बोलायची सवय आहे.

११ जून, मंगळवार

आज मले राग आला, आणि बरोबर आला. सोनल माझी पेटी उघडून बसलेली! माझी हत्यारांची पेटी! "बाबा, काकांनी सांगितला तसा टॅग आहे का तुमच्याकडे? राऊटरला बांधते." हातात पक्कड, टेस्टर, जुने ग्लोव्हज. तळापर्यंत पोचली नव्हती. पेटी ओढून घेतली, कुलूप लावलं.

"एवढं काय चिडता, अहो?" कमलिनी. "पोरगी टॅगच तर मागून राहिली."

टॅग म्हणजे खेळणं नाही म्हटलं. जिथं माणसाचा जीव जाऊ शकते तिथं टॅग लागते. त्या डबीत कोणाचा जीव अडकला आहे?



१२ जून

तिनं स्वतःच केली! बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर नेलपॉलिशचा लाल रंग — अख्खी बाटली संपवली — आणि वर पांढऱ्या पेनानं: "काम चालू आहे. प्लग काढू नये. — सोनल". दोऱ्यानं प्लगले बांधली. घरभर नेलपॉलिशचा वास.

वर मलेच नियम ऐकवून राहिली. "ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. हो ना बाबा?"

हसलो मी. मोठ्यानं हसलो. पुठ्ठ्याचा टॅग, साबणाच्या डबीले! मिलमधले सगळे पाहतील तर पोट धरून हसतील. ती पण हसली थोडीशी. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा असन.

१५ जून, शनिवार

ग्रुपवर आज: एक कलिंगड कापल्यावर आत गणपती दिसला त्याचा फोटो. एकोणतीस जणांनी हात जोडले. निंबाचा पाला उशीखाली ठेवला की साखर उतरते असा एक निरोप. कोणाचं तरी हार घातलेलं छायाचित्र, खाली तेवीस वेळा "ॐ शांती", आणि त्याच्याच खाली एका गाढवानं अंगठा दाखवला. माणूस मेला, अन् याचा अंगठा!

तेजरामचा फोन. "भाऊ, एक पंचाईत आहे. रेणू आली होती घरी, रामाजीची पोरगी. म्हणे बाबाले ग्रुपमध्ये घ्या. तो दिवसभर खाटेवर पडून असते, जुन्या लोकांचे फोटो पाहायचे म्हणते. मी तर दारातूनच नाही म्हटलं. पण माह्यी बायको ऐकवून राहिली मले. तुमी सांगा, घ्यावं का त्याले?"

म्हटलं, तुझा ग्रुप आहे, तू पाह्य.

"तुमीच तर चौकशी केली होती भाऊ."

लाईन तुटून राहिली म्हटलं आणि ठेवला.

१८ जून, मंगळवार

चव्वेचाळीस डिग्री. कूलरची मोटर अडकली. दहा वाजतापासून उघडून बसलो, बुश साफ केलं, तेल दिलं. आता ट्रायल घ्यायची तर खात्रीचा पॉइंट पाहिजे. खात्रीचा पॉइंट एकच. त्यावर डबी, डबीवर पाटी.

सोनलच्या खोलीतून आवाज नाही. पाच मिनिटांपूर्वी स्वयंपाकघरात येऊन ताक पिऊन गेली होती. म्हटलं, झालं असन हिचं. पाटी तर दिवसभर लटकलेलीच असते, काम असो का नसो. पाटी सोडली, खिशात टाकली, प्लग उपटला, मोटर लावली. फिरली! काय फिरली! एकदम मख्खन. मी कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकत बसलो.

आतून सोनलची किंकाळी. "लाईन गेली!"

ती दार उघडेपर्यंत डबीचा प्लग परत जागेवर होता. हात आपोआप गेला. डबीचा दिवा लाल, मग पिवळा, मग लुकलुक. हिरवा व्हायले किती वेळ लागते त्याले! ती मेली मशीन घोटघोट चहा पिऊन राहिल्यासारखी उठली. एकूण सात मिनिटं.

मॅनेजर, त्याच्यावरचा मॅनेजर, आठ माणसं होती म्हणे मीटिंगमध्ये. ती गप्प होती कारण ऐकत होती. तिची पाळी येणार होती.

"बाबा, तुम्ही प्लगला हात लावला का?"

"मी कावून लावू? तुझी लाईनच तशी आहे."

"आणि पाटी?"

"उडाली असन. कूलरच्या हवेनं."

तिनं मानलं. लगेच मानलं! कोचाखाली वाकून पाटी शोधून राहिली होती.

१९ जून, बुधवार

चंदन आला. सोनलले तिच्या मॅनेजरनं सांगितलं आहे — इंटरनेटवाल्यांचा दोष असेल तर तक्रारीचा नंबर दाखवा, हे तुटणं धरणार नाही. घरातला दोष असेल तर पुणे. म्हणून तिनं काल तक्रार केली, माझ्या फोनवरून. "चुकीची फिटिंग" असा रकाना होता, त्यावर बोट ठेवलं.

चंदननं गच्चीवर जाऊन वायर पाहिली, खांबावर चढून पाहिली. घामानं निथळून गेला होता. "लाइन म कोनो खराबी नइ हे, बबा." मग फोनवर काहीतरी उघडलं आणि आमच्यासमोर धरलं. त्या डबीच्या पोटात लॉगबुक आहे! कोणी लिहीत नाही, आपोआप लिहिलं जाते. ११:४२, वीज बंद. ११:४३, वीज चालू. ११:४९, लाईन चालू.

"लाइन कटती तो अलग लिखता, दीदी. ये तो करंट ही बंद हुआ है. किसी ने पलग निकाला क्या?"

सोनलनं माझ्याकडं पाहिलं. पाहिलं म्हणजे, सहज. तिच्या डोक्यात काही नव्हतं.

मी म्हटलं, अडॅप्टर तूच दिलं ना? मग तेच खराब. अन् चांगला झापला त्याले. देवघरामागच्या भोकापासून सुरुवात केली. पस्तीस वर्षं मी हेच काम केलं, मले शिकवू नको म्हटलं. अडॅप्टर बदलून, खाली मान घालून गेला. पाणी पण नाही प्यायला.

डबीच्या लॉगबुकात खाडाखोड करता येते का, हे सोनलले विचारलं. "नाही बाबा. हात से लिखा थोडी है."

२१ जून, शुक्रवार

तक्रार मान्य झाली. फोनवर निरोप: आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल खेद आहे, कृपया पाच तारे द्या. तारे!

सोनल खूश. वाचली. कमलिनीनं शिरा केला. फार गोड झाला होता.

दुपारी चंदनचा फोन. माझ्या नंबरवरच, कनेक्शन माझ्या नावाचं ना. "बबा, मोर एरिया काट दिन." स्मृति नगर, वैशाली नगर, दोन्ही काढून घेतलं. तक्रारीत फिटिंगची चूक लिहिली आहे म्हणून. "मोर गलती नइ रहिस, बबा. तुमन एक बेर बोल देतेव." त्याची चूक नव्हती, तेवढं मी एकदा सांगावं म्हणे. ओरडला नाही. ओरडला असता तर मले बरं झालं असतं, मी पण ओरडलो असतो.

पाहतो म्हटलं. काय पाहतो?

२२ जून, शनिवार

सकाळी चहाच्या कपाच्या बाजूले पाटी.

वाळलेली, वाकडी झालेली, रंग अर्धा धुतलेला. "काम चालू" एवढंच वाचता येते. कमलिनीले कपडे धुताना माझ्या शर्टाच्या खिशात सापडली. तिनं खिडकीत उन्हाले टाकली, वाळवली, आणि कपाजवळ आणून ठेवली. बोलली काहीच नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती ज्या दिवशी बोलत नाही त्या दिवशी मले भीती वाटते.

मी पाटी पेपराखाली सारली. पण सोनल पाणी प्यायले आली आणि पेपर तिनंच उचलला.

२३ जून, रविवार

काल दोन्ही वेळचं ताट सोनलनं आपल्या खोलीत नेलं. आज दुपारी माझ्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही सांगितलं असतं ना बाबा, तर मी तेव्हाच मीटिंगमध्ये सांगितलं असतं. गलती से निकल गया. हसले असते सगळे. दोन मिनिटांची गोष्ट होती."

मी म्हटलं, आता झालं ते झालं. तुझं काम वाचलं ना? त्याले मिळेल दुसरा एरिया. खरं सांगशील तर पुण्याले जाशील, तेच पाहिजे का तुले? तुझ्यासाठीच बोललो नाही.

खोटं! त्या दिवशी तिच्यासाठी नव्हतं बोललो. माझ्यासाठी बोललो. ती आतून ओरडली तेव्हा मले पुणे आठवलं नाही, नोकरी आठवली नाही. आपली चूक दिसू नये, एवढंच. हे तिले नाही सांगितलं, इथं लिहून ठेवतो.

"त्या माणसाची भाकर काढून मी इथं बसू?" म्हणाली. "नाही बसणार. मी आजच लिहून राहिली मॅनेजरला. जायचं असेल तर जाईन पुण्याला. पण तक्रार तुमच्या नावावर आहे. मागे तुम्हीच घ्यायची."

फोन माझ्या हातात दिला. तक्रार मागे घेण्याचे कारण लिहा. मी म्हटलं, तू लिही, तुले हे सगळं येते. दिवसभर तेच तर करते.

"नाही बाबा. तुम्ही लिहा."

आणि बसून राहिली. अगदी शांत. त्या प्लास्टिक न काढणाऱ्या माणसाशी बसते तशी. आता कळलं मले ते काम काय आहे. समोरचा चुकला आहे हे माहीत असून, त्याले स्वतः सापडेपर्यंत थांबायचं. मले पस्तीस वर्षांत एक दिवस नाही जमलं.

एका बोटानं लिहिलं. "प्लग मी काढला. लाईनचा दोष नाही. फिटिंग बरोबर आहे." सहा आकडे आले. ते टाकले. झालं. इतकं लहान काम होतं ते.

२५ जून, मंगळवार

चंदनले एरिया परत मिळाला. मी फोन केला. माफी मागितली म्हणजे, तसं काही... मागितली. "कोनो बात नइ, बबा." पुढं म्हणे देवघरामागच्या भोकाले पुट्टी भरून देतो. लाज वाटली.

सोनलचा निकाल: जून रद्द. जुलै महिना पुन्हा पहिल्यापासून. एकही तुटणं चालणार नाही. मॅनेजर म्हणे, खरं सांगितलं म्हणून एवढं तरी. सोनलनं नखं खाल्ली, मग नवीन पुठ्ठा कापला. नेलपॉलिश संपलेलं, तर कमलिनीनं कुंकू कालवून दिलं. शेवटी लागलंच कुंकू डबीले!

पाटीवर या वेळी नाव लिहिलं नाही तिनं. मले म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे." मी लिहिलं: सोनल. खाली तारीख टाकली. टॅगवर नाव आणि तारीख दोन्ही पाहिजे.

२७ जून, गुरुवार

तेजरामचा फोन. "रेणू परत आली होती भाऊ. बाप आता अन्न पण कमी खाते म्हणे. मी परत नाही म्हटलं. काय चूक केली का?"

पेटी उघडली. तळापर्यंत गेलो. बंद केली. परत उघडली.

कमलिनी दारात उभी. "काय शोधून राहिले?"

सापडलं म्हटलं.

२८ जून, शुक्रवार

तेजरामच्या घरी जाऊन हळूच सांगता आलं असतं. पण रामाजीले हळूच नव्हतं काढलं. सगळ्या शिफ्टसमोर काढलं होतं.

पत्र्याचा लाल टॅग गच्चीवर उजेडात धरला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले. पुढं: "आदमी काम पर है." मागं खरवडलेलं: तेजराम, ११-३-९४. सोनलनं ग्रुपवर फोटो कसे टाकायचे ते दाखवलं आणि खाली निघून गेली. मी लिहिलं —

"टॅग मी काढला होता, स्विच पण मीच मारला. तेजराम अजून चहालेच गेलेला आहे असं वाटलं. माझ्या खिशात राहिला, मग पेटीत. लॉगबुक मीच लिहिलं, ते खोटं होतं. रामाजीनं हात पण लावला नव्हता. तेजराम, त्याले ग्रुपमध्ये घे. मले काढायचं असेल तर काढ. — नरहरी"

सत्त्याऐंशी माणसं. पाठवलं.